बारावीला आठ विषय की सहा? ओंटारियोतल्या एका बाबांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या सार्वजनिक शाळेत अकरावीत आहे आणि तिची आतापर्यंतची सगळी क्रेडिट्स वेळेवर झाली आहेत. पुढे तिला इंजिनिअरिंग करायचं आहे. बारावीसाठी तिने सहाच विषय निवडले आहेत, म्हणजे दर सेमिस्टरला तीन विषय आणि एक तास मोकळा. तुम्हाला हा आळस वाटतो. तुमच्या मते तिने आठ विषय घ्यावेत, त्यात बायॉलॉजी ठेवावं, इंग्रजी जुलैत समर स्कूलला उरकावं आणि चित्रकला सोडावी. शिवाय तीनच विषय असले तर ती ‘पूर्णवेळ विद्यार्थिनी’ राहणार नाही आणि विद्यापीठ तिला कमी लेखेल, अशी भीती तुम्ही लिहिली आहे.

मी इथल्या शाळांमध्ये एकोणीस वर्षं गाइडन्सचं, म्हणजे मुलांना विषयनिवडीचा सल्ला देण्याचं, काम करतो आहे. दर फेब्रुवारीत, ऑप्शन फॉर्म भरायच्या दिवसांत, हा वाद माझ्या टेबलासमोर होतो, आणि त्यातला निम्मा मराठी, गुजराती किंवा पंजाबीत होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भीतीचं बघू, कारण ते लवकर मिटतं. ओंटारियोत सरासरी दिवसाला किमान 210 मिनिटांचे वर्ग ज्याच्या वेळापत्रकात आहेत, तो पूर्णवेळ विद्यार्थी. शाळेचा तास साधारण 75 मिनिटांचा असतो. तीन तासांची 225 मिनिटं होतात, म्हणजे तीन विषय घेणारी तुमची मुलगी पूर्णवेळच आहे. दोनच विषय घेतले तर 150 मिनिटं होतात आणि मग ती अर्धवेळ धरली जाते. हा आकडा मुळात शाळेला मिळणाऱ्या सरकारी पैशाचा हिशेब लावण्यासाठी आहे, मुलाची लायकी मोजण्यासाठी नाही. ती शाळेच्या एखाद्या संघात खेळत असेल, तर खेळासाठी किमान किती विषय लागतात ते मात्र प्रशिक्षकांना वेगळं विचारा, कारण खेळाच्या पात्रतेचे नियम स्वतंत्र असतात.

आता क्रेडिटचं गणित. एक क्रेडिट म्हणजे 110 तासांचा अभ्यासक्रम. 75 मिनिटांच्या तासाने मोजलं तर बरोबर 88 दिवस, म्हणजे एक सेमिस्टर. पदविकेला, म्हणजे बारावी पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्राला, 30 क्रेडिट्स लागतात. त्यातली सक्तीची किती हे मूल नववीला कधी आलं यावर ठरतं: 2024 च्या सप्टेंबरपासून नववीत आलेल्यांना 17, त्याआधीच्यांना 18. त्याशिवाय साक्षरतेची अट, 40 तासांचं समाजकार्य आणि दोन ऑनलाइन क्रेडिट्स, अर्थात ऑनलाइनची अट पालकांच्या अर्जाने टाळता येते. नववी, दहावी, अकरावीला आठ-आठ घेतले की 24 होतात आणि बारावीला सहा उरतात. तिने निवडलेले सहा विषय हवेतून आलेले नाहीत. तिने वजाबाकी केली आहे, आणि बरोबर केली आहे.

तरीही मी तिला सहा घे असं सांगणार नाही, आणि आठही नाही. पण त्या आधी तुमच्या मनातल्या ‘पूर्ण अभ्यास’ या कल्पनेबद्दल बोलू, कारण खरा गुंता तिथे आहे.

आपण महाराष्ट्रात अकरावी-बारावी केली तेव्हा विषय किती घ्यायचे हा प्रश्नच नव्हता. शाखा निवडली की सहा विषय आणि 600 गुण ठरलेले. सायन्सला असलो की घरात एकच वाक्य ऐकू यायचं: ‘मॅथ्स आणि बायो दोन्ही ठेव, कुठलंच दार बंद नको.’ तिथे ते शहाणपणाचं होतं. बारावीनंतर लगेच मेडिकल किंवा इंजिनिअरिंगचा फाटा फुटायचा आणि एकदा सोडलेला विषय परत मिळत नसे. ओंटारियोत वैद्यकीय शिक्षण पदवीच्या टप्प्यानंतर येतं. इंजिनिअरिंगला जायचं ठरलेल्या मुलीने बारावीत बायॉलॉजी नाही घेतली तर आज तिचं एकही दार बंद होत नाही. तिला स्वतःला आवडत असेल तर जरूर घ्यावी. ‘असू दे’ म्हणून घेतलेला बारावीचा बायॉलॉजी हा पाठांतराचा आणि प्रयोगांच्या अहवालांचा मोठा विषय आहे. तो फिजिक्स आणि कॅल्क्युलसच्या शेजारी बसला की त्यांच्याकडून वेळ मागतो.

इंजिनिअरिंगला इथली विद्यापीठं साधारणपणे पाच विषय नावानिशी मागतात: इंग्रजी, ॲडव्हान्स्ड फंक्शन्स आणि कॅल्क्युलस अँड व्हेक्टर्स ही दोन गणितं, केमिस्ट्री आणि फिजिक्स. सहावा विषय आपल्या पसंतीचा, फक्त तो विद्यापीठ पातळीचा हवा, म्हणजे कोर्स कोडच्या शेवटी यू किंवा एम असलेला. या सहांची सरासरी बघतात, तिलाच मुलं ‘टॉप सिक्स’ म्हणतात.

आता हेच गणित नीट मांडा. आठ विषय घेतले तरी पाच ठरलेलेच आहेत. उरलेल्या तिघांतला सगळ्यात चांगला एक मोजला जाईल, दोन मोजलेच जाणार नाहीत. त्या जादा विषयांमुळे सहाव्या जागेचा गुण समजा 6 ने वाढला, तर सरासरी 1 ने वाढेल. पण त्यांच्या ओझ्याने ठरलेल्या पाचांत प्रत्येकी 3 गुण घसरले, तर सरासरी अडीचने उतरते. माझ्या अनुभवात हे दुसरंच जास्त वेळा होतं. सप्टेंबरात नव्हे, ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर, चारही विषयांच्या चाचण्या एकाच आठवड्यात येऊ लागतात तेव्हा.

तुमची मुलगी एका किराणा दुकानात आठवड्याला 12 तास काम करते असं तुम्ही लिहिलं आहे: दोन संध्याकाळी पाच ते नऊ आणि शनिवारी चार तास. तिचा आठवडा कागदावर मांडू. चार विषय असतील तर वर्गात 25 तास जातात. बारावीच्या विद्यापीठ पातळीच्या विषयाला घरी आठवड्याला पाच तास लागतात, हा माझा अनुभवाचा आकडा आहे. गणिताला थोडे जास्त, काहींना थोडे कमी. म्हणजे घरचा अभ्यास 20 तास. दुकानाच्या दोन संध्याकाळी अभ्यास जवळजवळ शून्य. राहिल्या तीन संध्याकाळी चार-चार तास बसली तर 12 होतात. उरलेले आठ शनिवार-रविवारी. यात एकही सर्दी-ताप नाही, गणपतीची एकही आरती नाही, विद्यापीठाचा एकही अर्ज नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं कॅनडाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वरच्या वेळापत्रकात सगळ्यात आधी झोपच कापली जाते, आणि ती कापली गेल्याचं घरात कोणाला कळतही नाही, कारण मूल खोलीत दिवा लावून बसलेलं असतं.

एक तास मोकळा ठेवला की काय बदलतं? घरचा पाच तासांचा अभ्यास कमी होतो आणि शाळेतच, दिवसाउजेडी, आठवड्याला सव्वासहा तास मिळतात. मोकळा तास म्हणजे कॅफेटेरियात टवाळक्या, असं तुम्हाला वाटतं. काही मुलं तसं करतात, हे मी नाकारत नाही. पण त्यावर उपाय आहे: पहिल्या महिन्यात त्या तासाला लायब्ररीत बसायचं आणि गणिताचा गृहपाठ शाळेतच संपवायचा, एवढी एकच अट घाला. बारावीची बहुतेक मुलं ती पाळतात, कारण दुपारी घरी आल्यावर हात मोकळे असण्याची चव त्यांना लगेच कळते.

इथे एक सावधगिरी. वेळापत्रकात ‘मोकळा’ दिसणारा तास कधीकधी मोकळा नसतो. पुष्कळ मुलं त्या वेळात ऑनलाइन क्रेडिट करत असतात. तो पूर्ण 110 तासांचा विषयच आहे, वर त्यात मागे लागणारं कोणी नसतं. मुलीचं एखादं ऑनलाइन क्रेडिट राहिलं असेल तर ते आधी मोजा.

मी सुरुवातीच्या वर्षांत एक चूक केली आहे, ती सांगतो. एक हुशार मुलगा होता, घरून दबाव होता, आणि त्याला स्वतःलाही सगळं जमेल असं वाटत होतं. एकाच सेमिस्टरला कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी असा त्याचा तक्ता मी सही करून पुढे पाठवला. आठ विषय आहेत एवढंच मी बघितलं. कोणते चार एकत्र आले आहेत हे बघितलं नाही. सत्राच्या मध्यावरच्या निकालापर्यंत तो कसाबसा टिकला. पुढे एक विषय सोडायला तो माझ्याकडे आला तेव्हा मुदत उलटून आठवडा झाला होता. अकरावी-बारावीच्या विषयांचा नियम असा आहे की सत्राच्या मध्यावरचं प्रगतिपुस्तक मिळाल्यानंतर पाच शालेय दिवसांत विषय सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणपत्रकावर, काही उमटत नाही. त्यानंतर सोडला तर सोडल्याची नोंद आणि त्या दिवसाचा गुण दोन्ही कायमचे उमटतात. नववी-दहावीला असं नसतं, म्हणून पालकांना हे माहीतच नसतं. त्याच्या ट्रान्सक्रिप्टवर ती ओळ राहिली. त्या वर्षापासून मी कुठल्याही मुलाच्या तक्त्यात विषयांची संख्या सगळ्यात शेवटी मोजतो.

म्हणून ‘आधी आठ घेऊ, नाही जमलं तर सोडू’ असा बेत असेल, तर तो तारखेसकट करा. पहिल्या सेमिस्टरचं ते प्रगतिपुस्तक बहुधा नोव्हेंबरात येतं, दुसऱ्याचं एप्रिलमध्ये. शाळेच्या कॅलेंडरवर ती तारीख बघून स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लिहा आणि पाच शालेय दिवस पुढे मोजा.

समर स्कूलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 110 तास साधारण चार आठवड्यांत बसवायचे म्हणजे रोज साडेपाच तास. तिथला एक दिवस म्हणजे शाळेतले जवळजवळ साडेचार दिवस. काही विषय असे उरकता येतात. बारावीचं इंग्रजी उरकता येत नाही. त्यात वाचून मुरू द्यावं लागतं, लिहून परत लिहावं लागतं, आणि शिक्षकाला मुलाची ओळख व्हावी लागते. दुसरं असं की, चुरशीचे काही इंजिनिअरिंग अभ्यासक्रम सक्तीचा विषय नेहमीच्या शाळेबाहेर केला का, पुन्हा केला का, हे विचारतात. प्रत्येक विद्यापीठाचं धोरण त्याच्या प्रवेशाच्या पानावर लिहिलेलं असतं, ते तुम्ही दोघांनी शेजारी बसून वाचा. पैसे भरून घाईत गुण देणाऱ्या खासगी शाळांबद्दल तर बोलायलाच नको. तसा सल्ला मंदिरात किंवा मंडळात कोणी दिला तर नम्रपणे ऐकून सोडून द्या. प्रवेश देणाऱ्या लोकांना त्या शाळा आपल्यापेक्षा चांगल्या माहीत असतात.

विद्यापीठ कमी लेखेल का? ओंटारियोतल्या बहुतेक अभ्यासक्रमांना टॉप सिक्स आणि सक्तीच्या विषयांतले गुण हवे असतात. सात विषय होते की आठ, यावर सरासरी बदलत नाही. चुरशीच्या ठिकाणी पूरक अर्ज असतो, त्यात मूल शाळेबाहेर काय करतं हे विचारतात. आठवड्याला 12 तास दुकानात उभं राहून काम करणं हे तिथे लिहिण्यासारखं आहे आणि तिने ते बिनदिक्कत लिहावं. अमेरिकेतल्या विद्यापीठांची गोष्ट निराळी आहे. तिथल्या निवडक ठिकाणी शेवटच्या वर्षी किती अवघड विषय घेतले हे खरोखर बघतात. ती सीमेपलीकडे अर्ज करणार असेल तर मला परत लिहा, मग माझं उत्तर थोडं बदलेल.

मग किती विषय? सात.

सहा घेतले की हाती काही शिल्लक राहत नाही. 24 अधिक 6 बरोबर 30. एक विषय सोडावा लागला, आजारपण आलं, एखाद्यात नापास झाली, की पदविकाच अडकते, आणि प्रवेशाचं पत्र पदविकेच्या अटीवर असतं. सातवा विषय त्यासाठी. आणि तो सातवा कोणता असावा याबद्दल मला अजिबात शंका नाही. तुम्ही लिहिलं आहे की ती सातवीपासून चित्रं काढते आणि शाळेच्या भिंतीवरचं मोठं चित्र तिनेच पुरं केलं. बारावीचा व्हिज्युअल आर्ट्स हा एम दर्जाचा विषय आहे. तो टॉप सिक्समध्ये धरता येतो. तुम्ही जो विषय ओझं म्हणून सोडायला सांगताय, त्यातच तिला कदाचित सगळ्यात चांगले गुण पडतील आणि सहाव्या जागेवर तोच बसेल. तिच्या सहांत सहावा म्हणून कॉम्प्युटर सायन्स आहे, तोही राहू द्या. दोघांतला जो चांगला होईल तो मोजला जाईल.

आता मांडणी, आणि याकडे संख्येपेक्षा जास्त लक्ष द्या. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय: इंग्रजी, ॲडव्हान्स्ड फंक्शन्स, केमिस्ट्री आणि एक मोकळा तास. दुसऱ्याला चार: कॅल्क्युलस, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्स, चित्रकला. ॲडव्हान्स्ड फंक्शन्स कॅल्क्युलसच्या आधी किंवा निदान बरोबरीने करावं लागतं. एकाच सत्रात दोन्ही गणितं घेणारी मुलं असतात, पण सोय असताना तसं करू नये. मोकळा तास पहिल्याच सेमिस्टरला का? कारण अर्ज, पूरक प्रश्न, विद्यापीठांच्या भेटी हे सगळं ऑक्टोबर ते जानेवारीत येतं, आणि जानेवारीच्या मध्यावर अर्जाची मुदत असते. शिवाय विद्यापीठांच्या हाती बारावीचे पूर्ण झालेले गुण म्हणून पहिल्या सेमिस्टरचेच जातात. दुसऱ्याचे वसंतात अर्ध्यावरचे जातात. मेच्या शेवटापर्यंत बहुतेकांना उत्तर आलेलं असतं. जिथे गुण सगळ्यात जास्त वजनाचे, तिथे ओझं हलकं ठेवायचं. बहुतेक मुलं नेमकं उलटं करतात. सप्टेंबरात अंगात जोर असतो म्हणून चार विषय घेतात आणि दमल्यावर, वसंतात, मोकळा तास ठेवतात.

शाळा हे अगदी असंच देईल याची खात्री मी देत नाही. फेब्रुवारीतल्या फॉर्मवरून किती तुकड्या काढायच्या, किती शिक्षक लागतील हे ठरतं. ज्या विषयाची एकच तुकडी असते, चित्रकलेची बहुधा असते, तो ज्या सत्रात आणि ज्या तासाला पडला तिथेच घ्यावा लागतो. म्हणून फॉर्मवर पर्यायाचे विषय भरा आणि कारण गाइडन्स ऑफिसला आत्ताच सांगा. सप्टेंबरात दारासमोर रांग असते आणि तेव्हा आमच्या हातात फारसं काही नसतं.

भारतातून नुकतंच आलेलं मूल असेल, तर हे सगळं गणित वेगळं असतं. दहावी करून आलेल्याला मुख्याध्यापक साधारण 16 क्रेडिट्स समतुल्य धरतात आणि 14 उरतात, ती दोन वर्षांत सात-सात. अशा मुलांना मी पहिल्या सत्रात तीनच विषय किंवा चौथा अगदी हलका असं आग्रहाने सांगतो, कारण बोलायची, लिहायची आणि गप्प बसायची रीतही त्यांना नव्याने शिकायची असते.

आणि सातही जमले नाहीत तर? पाचवं वर्ष असतं. 2003 पर्यंत या प्रांतात तेरावीच्या पातळीचं वेगळं वर्ष होतं. ते बंद झाल्यावरही दरवर्षी काही मुलं एखादं सत्र जास्त थांबतात. शाळेला 34 क्रेडिट्सपर्यंत त्यांच्यासाठी पूर्ण पैसे मिळतात, त्यापुढे कमी. याचा अर्थ चार विषयांची मोकळीक सरकारने स्वतःच गृहीत धरली आहे. तुमच्या मुलीला याची गरज पडेल असं मला वाटत नाही. पण हे वर्ष आहे हे तिला माहीत असू द्या. वाट आहे हे माहीत असलेली मुलं डिसेंबरात माझ्याकडे कमी रडतात.

तिने तुम्हाला न सांगता फॉर्म भरला याचा तुम्हाला राग आला आहे. तो मी समजू शकतो. पण तिने 24 क्रेडिट्स मोजली, सक्तीचे विषय शोधले, कॅल्क्युलसचा क्रम बरोबर लावला. सोळा वर्षांच्या मुलीने हे एकटीने केलं. फॉर्मबरोबर तिला क्रेडिट्सचा एक सारांश मिळाला असेल. आज रात्री जेवणानंतर तो मागून घ्या आणि तिच्याकडून समजून घ्या, मध्ये न बोलता. मग वरचा आठवड्याचा तक्ता दोघांनी मिळून भरा, दुकानाच्या वेळांसकट. त्यात चित्रकला तिला तिच्या हाताने लिहू द्या. समर स्कूलच्या इंग्रजीला नाव घातलं असेल तर ते काढून घ्या. तुम्ही लिहिलं आहे की तिची आजी जुलैत पुण्याहून येते आहे.